२१ अध्याय, पण फाइल एकच! लॉसलेस अल्बमचे ट्रॅक वेगळे करायचे तरी कसे?

श्री गजानन विजय ग्रंथाचे २१ अध्याय आहेत. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात असलं तरी अकोला आणि अमरावतीतल्या कित्येक घरांत गुरुवारी या पोथीचा आवाज असतोच. कुणी स्वतः वाचतं, कुणी लावून ठेवतं. आधी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, आता पेनड्राइव्ह आहे. घोळ इथेच होतो. एखाद्या नातेवाइकानं ‘एकदम ओरिजिनल क्वालिटी’ म्हणून दिलेला फोल्डर उघडला, की आत एक भलीमोठी फाइल, तिच्या शेजारी एक इवलीशी फाइल आणि बस्स. नववा अध्याय ऐकायचा असेल तर स्क्रीनवरच्या पट्टीवर बोट पुढे-मागे सरकवत बसा.

मग बरेच जण फोनवर एखादं ‘एमपीथ्री कटर’ ॲप घेतात, अंदाजानं तुकडे पाडतात आणि जागा खाते म्हणून मूळ फाइल उडवून टाकतात. शेजारची छोटी फाइल तर ‘उघडतच नाही, व्हायरस असेल’ म्हणून त्याआधीच गेलेली असते.

हे पोथीच्या बाबतीत घडतं तसंच खंजिरी भजनाच्या, कीर्तनाच्या, घरच्या जुन्या ध्वनिमुद्रणाच्या बाबतीतही घडतं. बाजारात मिळणारा अल्बम पुन्हा विकत घेता येईल. गावातल्या भजनी मंडळाचं तीस वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण पुन्हा कुठून आणणार? म्हणून हे काम नीट कसं करायचं ते समजून घेऊ.

‘लॉसलेस’ म्हणजे नेमकं काय?

वऱ्हाडात हे सांगायला कापसाइतकं सोपं उदाहरण नाही. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात. ती एकदा निघाली की परत बोंडात जात नाही. प्रेसिंगमध्ये मात्र रुई फक्त दाबून तिची गाठ बांधतात. गाठ सोडली की तेवढीच रुई परत मिळते.

एमपीथ्री म्हणजे जिनिंग. माणसाच्या कानाला फारसं जाणवणार नाही असा आवाजाचा भाग त्यातून कायमचा काढून टाकलेला असतो. फ्लॅक म्हणजे प्रेसिंग. आवाज दाबून ठेवलेला असतो, पण उघडल्यावर मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. म्हणूनच त्याला लॉसलेस म्हणतात, म्हणजे काहीही न गमावणारा. जॉश कोल्सन यांनी तयार केलेला फ्लॅक २००१ मध्ये आला. तो मोफत आणि खुला आहे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेनं डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा अधिकृत मानक दस्तऐवजही प्रसिद्ध केला. लॉसलेस प्रकारांत एपीई म्हणजे मंकीज ऑडिओ आणि ॲपलचा अलॅक हेही येतात, पण आपल्याकडे जास्त करून फ्लॅकच हाती पडतो.

आकड्यांत बघायचं तर सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मोजमापं असतात, तीही डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं. त्या हिशेबानं एका तासाचा आवाज साधारण ६३५ एमबी होतो. फ्लॅकमध्ये तो बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो. तोच तास १२८ केबीपीएस एमपीथ्रीमध्ये ५८ एमबीच्या आत बसतो. फरक कुठून येतो हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. यूट्यूबवरून उतरवलेला आवाज फ्लॅकमध्ये बदलला म्हणून तो लॉसलेस होत नाही. सरकी काढून झालेल्या रुईची गाठ बांधली, एवढाच त्याचा अर्थ. फाइल जड होते, आवाज होता तसाच राहतो.

पण अख्खा अल्बम एका फाइलमध्ये ठेवतं कोण?

ज्यांना सीडीची हुबेहूब प्रत हवी असते ते. सीडीवर गाण्यांच्या मधल्या जागाही मोजून ठेवलेल्या असतात. कुठे दोन सेकंदांची शांतता असते, कुठे टाळ्या, कुठे निवेदकाचं एखादं वाक्य. एकेक गाणं वेगळं काढताना ही मधली जागा हरवण्याची भीती असते. त्यामुळे संग्रह करणारे लोक पूर्ण सीडी एका फाइलमध्ये उतरवतात आणि कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते शेजारच्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. व्हायरस समजून उडवली गेली ती हीच क्यू फाइल.

पोथीच्या बाबतीत अजून एक गुंता असतो. एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटंच मावतात. सगळं पारायण कित्येक तासांचं असल्यामुळे सीडींचा संच येतो. प्रत्येक सीडीची एक मोठी फाइल, तिची एक क्यू फाइल आणि तिच्यात दोन-चार अध्याय, असा सगळा मामला असतो.

क्यू फाइल वाचायची कशी?

ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत आवाज नसतो, फक्त मजकूर असतो. पहिल्या काही ओळींत अल्बमचं नाव, गायकाचं नाव आणि मोठ्या फाइलचं नाव दिसेल. मग ट्रॅक १, त्याचं शीर्षक, त्याची सुरुवातीची वेळ. मग ट्रॅक २. अशी सरळ यादी असते.

खरी मेख त्या वेळेत आहे. ती मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशी लिहितात. तिसरा आकडा शंभरापैकी आहे असं वाटतं, पण तो पंचाहत्तरपैकी असतो. सीडीच्या एका सेकंदाचे ७५ भाग पाडलेले असतात. त्यामुळे १२:३०:४५ याचा अर्थ १२ मिनिटं आणि ३०.६ सेकंद. कारण ४५ भागिले ७५ म्हणजे ०.६. हाताने वेळ लिहिताना ४५ ला पॉइंट पंचेचाळीस समजलात तर कट सेकंदाच्या सातव्या हिश्श्यानं चुकतो. बोलण्यात एवढा वेळ म्हणजे एखादं अक्षर गिळलं गेलं असं समजा.

काही ट्रॅकना दोन वेळा दिलेल्या असतात, इंडेक्स शून्य आणि इंडेक्स एक. शून्यला मधली मोकळी जागा सुरू होते आणि एकला प्रत्यक्ष गाणं. मोकळी जागा आधीच्या ट्रॅकच्या शेवटी जोडायची, ही रूढ पद्धत आहे. बहुतेक सॉफ्टवेअर आपोआप तेच करतात आणि तसंच असू द्यावं. जागा वाचवण्यासाठी ती काढून टाकण्याचा पर्यायही दिसेल. लाइव्ह कार्यक्रम असेल तर त्याला हात लावू नये. त्या ‘मोकळ्या’ जागेतच टाळ्या आणि निवेदन असतं.

आता प्रत्यक्ष तुकडे पाडू

हे काम कॉम्प्युटरवर करावं. विंडोजवर फूबार २००० किंवा क्यूटूल्स, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर फ्लॅकॉन. चारही मोफत मिळतात.

फूबारची रीत अशी. मोठी फाइल उघडायची नाही, क्यू फाइल उघडायची. लगेच अल्बमची यादी दिसते. सगळे ट्रॅक निवडून राइट क्लिक करायचं, कन्व्हर्टमध्ये जाऊन फ्लॅक निवडायचं आणि प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल हा पर्याय ठेवायचा. फ्लॅक बनवण्यासाठी फूबारच्याच साइटवरचा एन्कोडर पॅक आधी टाकून घ्यावा लागतो, नाहीतर मध्येच ‘फाइल सापडत नाही’ म्हणून अडतं.

इथे अनेकांना शंका येते, फ्लॅकचं पुन्हा फ्लॅक केलं तर क्वालिटी घसरणार नाही का? नाही. गाठ सोडून त्याच रुईच्या २१ लहान गाठी बांधल्या तर रुई कमी होत नाही. एमपीथ्रीचं पुन्हा एमपीथ्री केलं तर मात्र दर खेपेला थोडं थोडं जातं.

उलट ‘पुन्हा एन्कोड न करता कापा’ असं सांगणारा शॉर्टकटच इथे दगा देतो. एफएफएमपेग नावाचं प्रसिद्ध साधन वापरणारे लोक कधी कधी फक्त कॉपी करण्याचा पर्याय देतात. फ्लॅकमध्ये आवाज ठोकळ्यांत बांधलेला असतो आणि सीडीच्या आवाजासाठी एक ठोकळा सहसा ४,०९६ मोजमापांचा, म्हणजे साधारण सेकंदाच्या अकराव्या हिश्श्याएवढा असतो. कॉपी करताना कट ठोकळ्याच्या कडेलाच पडतो, तुम्हाला हवा तिथे पडत नाही. दोन गाण्यांमध्ये शांतता असेल तर चालून जाईल. एका अभंगातून न थांबता दुसऱ्यात जाणाऱ्या भजनात ते लगेच ऐकू येतं.

क्यू फाइल उघडल्यावर ‘ऑडिओ सापडत नाही’ असं आलं तर घाबरायचं कारण नाही. क्यूमध्ये मोठ्या फाइलचं जुनं नाव असतं. कुणीतरी फाइलचं नाव बदललेलं असतं किंवा क्यूमध्ये वेव्ह लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात फाइल फ्लॅक असते. नोटपॅडमध्ये ती एक ओळ दुरुस्त केली की काम भागतं.

मराठी नावांचा खास घोळ

इंग्रजी अल्बममध्ये हा त्रास येत नाही, त्यामुळे परदेशी गाइडमध्ये तो सापडतही नाही. क्यू फाइल जुन्या काळातली असल्यामुळे ती कुठल्या लिपी-संकेतात लिहायची याचा पक्का नियम नाही. देवनागरीत शीर्षकं लिहिली असतील तर नोटपॅडमध्ये सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडावं. नाहीतर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

शीर्षकं डीटीपीच्या दुकानात कृतिदेव किंवा श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप करून आणली असतील तर वेगळीच गंमत. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं, फॉन्ट काढला की अगम्य इंग्रजी अक्षरं. ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं. एकदा ट्रॅक तयार झाले की चिंता नाही, कारण फ्लॅकच्या आत नाव-गाव लिहिण्याची जागा मुळातच युनिकोडची आहे.

दुसरा घोळ विसर्गाचा. ‘दुःख’ टाइप करताना विसर्गाऐवजी कोलन मारायची सवय पुष्कळांना असते. डोळ्यांना फरक कळत नाही. विंडोजला मात्र फाइलच्या नावात कोलन चालत नाही. मग नेमका तोच ट्रॅक अडतो किंवा त्याचं नाव बदललं जातं आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते. प्रश्नचिन्ह आणि तिरपी रेघ यांनाही हीच बंदी आहे.

क्यू फाइल नसेलच तर?

आपल्याकडे जास्त करून हेच होतं. कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावायची, कॉम्प्युटरला वायर जोडायची आणि ४५ मिनिटांची एक बाजू सलग उतरवायची. मग ट्रॅक कुठे सुरू होतो ते ऐकूनच ठरवावं लागतं.

‘कॅसेटचाच आवाज तो, त्याला कशाला हवं लॉसलेस?’ असं कुणी म्हणेल. पण फीत दर वेळी वाजवताना थोडी झिजते आणि चालू अवस्थेतला टेपरेकॉर्डर आता शोधावा लागतो. एकदाच नीट उतरवणं शक्य असेल तर ते पूर्ण उतरवावं. पुढे कधी खरखर काढायची झाली तर सॉफ्टवेअरला मूळ आवाज जितका पूर्ण मिळेल तितकं ते काम चांगलं होतं. सरकी काढलेल्या आवाजावर सफाई केली की तो पाण्याखालून आल्यासारखा लागतो.

कापायला ऑडॅसिटी वापरा. जिथे अध्याय किंवा भजन सुरू होतं तिथे कर्सर ठेवून कंट्रोल-बी दाबलं की खूणचिठ्ठी लागते. तिच्यात नाव लिहायचं. सगळ्या खुणा झाल्या की एक्सपोर्ट करताना खुणांनुसार अनेक फाइल हा पर्याय निवडायचा. पुढे सीडी बनवायची असेल तर स्नॅप सेटिंगमध्ये सीडी फ्रेम निवडून मग खुणा कराव्यात. एका फ्रेममध्ये ५८८ मोजमापं असतात. कट त्या पटीत नसला तर सीडी लिहिताना उरलेली जागा शून्यांनी भरली जाते आणि दोन ट्रॅकच्या मध्ये बारीक ‘टिक्’ ऐकू येते.

ऑडॅसिटीची एक सेटिंग मात्र आठवणीनं बघावी. एक्सपोर्ट करताना ती आवाजात डिदर नावाची अगदी सूक्ष्म कुजबुज मिसळते. आवाजाची पातळी वगैरे बदलली असेल तेव्हा ती उपयोगाची असते. पण नुसतं कापायचं असेल तर प्रेफरन्सेसमधल्या क्वालिटीत जाऊन डिदर बंद करावं, म्हणजे तुकडे मूळ फाइलशी तंतोतंत जुळतात.

शांतता ओळखून आपोआप तुकडे पाडणारी सोयही असते. सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटला ती चालते. वऱ्हाडातल्या ध्वनिमुद्रणांना तिचा भरवसा नाही, आणि त्याला कारण आहे.

गाडगेबाबांचं कीर्तन घ्या. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या बाबांची पद्धत प्रश्नोत्तरांची होती. ते लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तराची वाट बघायचे, मग पुढे जायचे. त्या घडीभराच्या थांबण्यात सगळं कीर्तन आहे. मशीनला मात्र ती ट्रॅक संपल्याची खूण वाटते. ती प्रश्न एका फाइलमध्ये टाकेल आणि उत्तर दुसऱ्या.

किंवा गुरुकुंज मोझरीचा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव घ्या. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो लोक एकदम थांबतात आणि मौन श्रद्धांजली होते. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरला दिलं तर ते त्या मौनाला फालतू मोकळी जागा समजून तिथेच कात्री चालवेल. ‘शांतता काढून टाका’ हा पर्याय चुकून चालू राहिला असेल तर मौनच गायब होईल.

खंजिरी भजनात याच्या अगदी उलट होतं. तिथे शांतताच नसते. एक भजन संपता संपता खंजिरीचा ठेका पुढच्याला धरून ठेवतो. सॉफ्टवेअरला तासाभरात एकही जागा सापडत नाही. इथे कट कुठे घ्यायचा हे मंडळातल्या जाणत्या माणसालाच विचारावं. कुठलं कडवं कुठल्या भजनाचं हे त्यांना ऐकताक्षणी कळतं. शीर्षकं आणि गाणाऱ्यांची नावंही त्याच बैठकीत लिहून घ्यावीत, कारण कॅसेटच्या डबीवर बहुतेक वेळा फक्त ‘भजन, बाजू अ’ एवढंच असतं.

घरगुती कॅसेटमध्ये कधी बाजू संपल्यामुळे एकच भजन मध्ये तुटलेलं असतं. दोन्ही बाजूंचे तुकडे ऑडॅसिटीत एकापुढे एक ठेवून जोडता येतात. फीत उलटताना जे गेलं ते गेलं. तिथे उगाच बनावट सांधा करण्यापेक्षा तुटकपणा राहू देणं बरं.

बरोबर झालं हे कळणार कसं?

नुसतं ऐकून भागत नाही. फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला एमडी-फाइव्ह नावाचा एक ठसा असतो, आतल्या संपूर्ण आवाजाचा जणू अंगठाच. तुकडे पाडल्यावर ते सगळे ओळीनं पुन्हा जोडून एक फ्लॅक बनवायची. तिचा ठसा मूळ मोठ्या फाइलशी जुळला तर एक कणही इकडेतिकडे झालेला नाही. मात्र कुठलीही मोकळी जागा गाळली असेल तर तो जुळणार नाही. हे होईपर्यंत मूळ फाइल उडवू नका. खरं तर नंतरही उडवू नका. मोठी फाइल आणि क्यू फाइल एका वेगळ्या हार्ड डिस्कवर राहू द्यावी, रोजच्या ऐकण्याला तुकडे वापरावेत.

फोन, गाडी आणि व्हॉट्सॲप

अँड्रॉइड फोनवर फ्लॅक सरळ चालतं. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये आयओएस ११ पासून चालतं, पण म्युझिक ॲपमध्ये घ्यायचं तर अलॅकमध्ये बदलावं लागतं. तेही लॉसलेसच आहे, त्यामुळे काही बिघडत नाही.

गाडीतल्या जुन्या टेपला पेनड्राइव्हवरचं फ्लॅक कळेलच असं नाही, देवनागरी नाव तर दूरच. गाडीसाठी एमपीथ्रीची वेगळी प्रत काढावी आणि फाइलचं नाव इंग्रजी आकड्यांनी, तेही शून्य लावून सुरू करावं. शून्य-एक, शून्य-दोन असं. नाहीतर पहिल्या अध्यायानंतर थेट दहावा, अकरावा वाजतो आणि दुसरा येतो एकोणिसाव्यानंतर. पोथी ऐकणाऱ्या घरात यावरून आजीचं ऐकून घ्यावं लागतं.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइल आहे तशी पोहोचते.

आणि कायदा काय म्हणतो?

स्वतः विकत घेतलेल्या अल्बमचे घरच्या ऐकण्यासाठी तुकडे पाडणं ही एक गोष्ट आणि ते ग्रुपवर किंवा चॅनेलवर टाकणं ही दुसरी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला सूट आहे, वाटपाला नाही.

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या वर्षानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६५ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांची मुदत २०२५ च्या अखेरीस संपली. पण आत गायलेल्या किंवा वाचलेल्या शब्दांचा हक्क वेगळा असतो आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गजानन विजय लिहिणारे दासगणू महाराज १९६२ मध्ये गेले, त्या हिशेबानं पोथीच्या मूळ शब्दांची मुदत २०२२ अखेर संपली. तरी एखाद्या कंपनीनं अलीकडे काढलेलं पोथीचं ध्वनिमुद्रण त्या कंपनीचंच राहतं. तुकडोजी महाराजांचं निधन ऑक्टोबर १९६८ मधलं आहे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांची मुदत ३१ डिसेंबर २०२८ ला संपेल.